बुडाला बटन असलेली बॅटरी

विश्वास ठेवा, नका ठेवू. माझी आत्या खोटं बोलणारी बाई नव्हती. हा प्रसंग तिने मला तीनदा सांगितला, आणि तिन्ही वेळा एक शब्दही बदलला नाही.

साल १९६६. कार्तिकातली अमावास्या.

जागा... बोईसरच्या पूर्वेला, ओढ्यावरची दगडी मोरी.

आत्याचं नाव सोजराबाई. मूळची परभणीची. नवरा वारल्यावर नर्सचं शिक्षण घेतलं आणि बोईसरला एका छोट्या दवाखान्यात लागली. बाळंतपणासाठी पाड्यांवर चालत जायची. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात बॅटरी.

त्या संध्याकाळी पाड्यावरची ठमी तिला न्यायला आली. ठमीची भावजय मंगळी अडली होती.

सातचा सुमार. दोघींनी मोरीवर पाय ठेवला आणि...

खट्.

बॅटरी विझली.

आत्याने बाजूचं बटन पुढे सरकवलं. उजेड पडला.

खट्.

बटन आपोआप मागे सरकलं. आत्याचं बोट त्यावर नव्हतंच!

"बाई, हितं बत्ती नाय टिकत," ठमी कुजबुजली. "आमी समदी काळोखातच जातो."

काळोखात आत्याचा पाय चुकला. पिशवी ओढ्यात पडली. चिखलात हात घालून सामान शोधण्यात तासभर गेला.

मंगळी वाचली.

मूल वाचलं नाही.

आत्या रडली नाही. आठ दिवसांनी पालघरला गेली आणि एकनाथ बॅटरीवाल्याच्या दुकानात उभी राहिली.

"ही बघा, बाजूच्या बटनाची," एकनाथ म्हणाला. "एकदा सरकवलं की काम झालं."

"ते मागेही सरकतं. दुसरी दाखवा."

त्याने बुडाला बटन असलेली काढली. "ही दाबून धरावी लागते बाई. अंगठा उचलला की उजेड गेला. हात भरून येईल तुमचा."

"येऊ दे. हा अंगठा कोण उचलतं, तेच बघायचंय मला."

महिन्याभराने ठमी पुन्हा दारात. या वेळी पाड्यावरच्या चिंतूची बायको अडली होती. पुन्हा तीच वाट. पुन्हा अंधार पडलेला.

मोरी दिसली तशी ठमी म्हणाली, "बाई, इझवा."

"नाही विझवणार. तू माझा पदर धर."

आत्याने बॅटरी खांद्याजवळ मुठीत धरली. अंगठा बुडावर. दाबलेला.

पहिलं पाऊल.

रातकिडे गप्प झाले.

दुसरं.

खाली ओढा वाहत होता... पण पाण्याचा आवाजच नव्हता.

आणि मग... अंगठ्यावर काहीतरी टेकलं.

थंड. ओलं.

ते नखाखाली शिरलं आणि अंगठा वर उचलायला लागलं.

उजेड थरथरला. ठमी पदराला लोंबकळली. आत्या घाबरली होती, तिने ते कधी लपवलं नाही. पण ती थांबली नाही.

"ओढ," ती मोठ्याने म्हणाली. "अजून जोर लाव. एक लेकरू गेलं माझ्या हातून. आज नाही जाऊ द्यायची मी."

ओढ वाढली. नखातून कळ निघाली.

"मरेन, पण अंगठा सोडणार नाही!"

मोरी जेमतेम वीस पावलांची. ती वीस पावलं आत्या तशीच चालली. बॅटरी विझली नाही.

पलीकडे पाय टेकला आणि पकड सुटली.

रातकिडे एकदम ओरडू लागले.

चिंतूला मुलगी झाली. असं रडली की शेजारचा पाडा जागा झाला. आत्याला मात्र चार दिवस अंगठा सरळ करता आला नाही.

पुढे अकरा वर्षं ती त्या मोरीवरून गेली. बदली आली, तिने नाकारली. हळूहळू पाड्यावरच्या बायकाही बत्ती घेऊन जायला लागल्या. कधी विझायची, पण त्या पुन्हा लावायच्या.

ते काय होतं, कुणालाच सांगता आलं नाही. मीही तिथे जाऊन आलोय, भर दुपारी. मोरीच्या मधोमध गेल्यावर हात खिशात घातले. का, ते मलाच ठाऊक नाही.

तिसऱ्यांदा सांगत होती तेव्हा मी आत्याला विचारलं होतं, "अंगठा उचलणारं ते कसं होतं गं?"



तिने स्वतःच्या करंगळीचं वरचं पेर चिमटीत धरून मला दाखवलं.

"एवढाली बोटं होती रे," ती म्हणाली. "एवढालीच..."