वाळूवरची धाव

ग्लेनिस लाटेतून बाहेर आली ती ऐटीत, आणि वाळूवर चार ढांगा टाकते न टाकते तोच पोत्यासारखी कोसळली.

"पाण्यात महाराणी, वाळूवर मात्र लोटांगण!" सॉसेज परतणारा माणूस चिमटा हलवत हसला. जीवरक्षकांच्या क्लबात नवाच होता... थिओ, घरांवर कौलं चढवण्यात जन्म गेलेला.

"दात काढण्यापेक्षा हात दे," ती फणकारली. हात मिळाला, खरखरीत आणि घट्ट. तिने तो गरजेपेक्षा जरा जास्त वेळ धरला, हे दोघांनाही कळलं.

किनाऱ्यावर पहारा देणाऱ्या प्रत्येक जीवरक्षकाची दर हंगामाआधी परीक्षा असते. धावा, पोहा, पुन्हा धावा, तेही ठरल्या वेळात. बासष्टाव्या वर्षी ग्लेनिसने त्या परीक्षेचीच धास्ती घेतली होती. नवरा गेल्यावर या पहाऱ्यानेच तिला सावरलं होतं. जीवरक्षकाची लाल-पिवळी टोपी गेली, तर सकाळी उठायचं तरी कशासाठी?

"डॉक्टरीणबाई म्हणतात, हृदय चाळिशीचं आणि हाडं ऐंशीची," ती म्हणाली. "जन्मभर पोहले मी. आणखी काय करायचं माणसानं?"

"तुझं वजन पाण्यानं उचललं, पायांनी कुठे उचललं? मी शिड्या चढलो, कौलं वाहिली. पाय बघ माझे! पण दम विचारू नकोस, दोन हात मारले की बुडतो."

मग रोज सकाळी तो तिला पाण्याने भरलेले डबे देऊन वाळूच्या टेकडीवर चढवू लागला, आणि ती त्याला उथळ पाण्यात श्वास धरायला शिकवू लागली. दात घासताना एका पायावर उभी राहा, असं त्याने बजावलं होतं. ती राहायची आणि आरशात स्वतःलाच हसायची. कित्येक वर्षांनी कुणीतरी तिच्या पायांकडे बघत होतं... आणि तिला ते अगदी मनापासून आवडत होतं.

परीक्षेच्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी पाण्यातून बाहेर आली. या वेळी पडली नाही. दम शाबूत होता, पण पाय जड झाले, तरणी पोरं एकेक करून पुढे गेली, आणि तिने शेवटची रेष गाठण्याआधीच वेळ संपल्याची शिट्टी वाजली.

तिने टोपी काढली. थिओ जवळ आला.

"माझंच चुकलं. तुला आधी भेटायला हवं होतं."

"किती आधी?"

"तिशीत तरी!"

डोळे पुसता पुसता तिला हसू आलं. "तिशीत मी तुझ्याकडे ढुंकूनही बघितलं नसतं."

"आणि आता?"

तिने टोपी हातात फिरवली. मग हळूच म्हणाली, "टोपीचं जाऊ दे... मला रिकाम्या सकाळींची भीती वाटते, थिओ."

"मग उद्याही टेकडी चढू. परवाही. परीक्षा नसली तरी. तू म्हातारी होशील तेव्हा मला तुझ्या शेजारी चालायचंय, ग्लेनिस. प्रेम आहे माझं तुझ्यावर—" एवढं बोलून तो कानापर्यंत लाल झाला.

तिने त्याच्या दंडात हात अडकवला.

"चढेन मी," ती म्हणाली. "उतरताना मात्र सोबत राहा."