आधी हेडफोनमध्ये ऐकू आलं

पटवून द्यायला मी हे लिहीत नाहीये. मी आयुष्यभर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं. कुणी असं काही सांगितलं की आधी मीच शंका काढायचे.

पण हे घडलं. मी तिथे होते आणि माझ्या कानांवर हेडफोन होते.

रात्रीची गोष्ट नाही ही. गेल्या जानेवारीतला रविवार, भर दिवस. ठाण्यात नौपाड्यात आमच्या मंडळाचं पहिल्या मजल्यावर सभागृह आहे. तिथे वर्षातून एकदा दिवसभर व्याख्यानं असतात. चित्रकला, संगीत, इमारती, विज्ञान... ज्याला जे येतं त्याने ते सांगायचं. मधे जेवण, शेवटी चहा.

सूत्रसंचालन हेमांगी करते. आमची जुनी मैत्रीण. साउंड माझ्याकडे, कारण मंडळाच्या मते फिजिक्सवालीला वायरी कळतातच.

आमच्या मंडळाची एक वेगळी पद्धत आहे. वर्षभरात गेलेल्या सभासदांना श्रद्धांजली बाकी सगळीकडे सुरुवातीला देतात. आम्ही ती शेवटी देतो. सगळे उभे राहतात आणि हेमांगी एकेक नाव घेते. हातात कागद नसतो. तिला त्याचा अभिमान आहे.

सकाळी माइक तपासत होतो. मी मागे मिक्सरपाशी, हेमांगी स्टेजवर.

"हॅलो... येतोय का आवाज?"

मी मान डोलावली.

आणि मग हेमांगीचे ओठ हलले.

मी आधी ऐकलं होतं... आणि ती नंतर बोलली.

वायर बदलली. हेडफोन बदलले. पुन्हा तेच. आवाज उशिरा पोचू शकतो, त्याची कितीतरी कारणं मी सांगू शकते. तो आधी पोचायला एकही कारण नाही.

माझा नवरा सुधीर खुर्च्या लावत होता. त्याला सांगितलं.

"अगं, तिचं काय बोलणं असणार हे सगळ्या ठाण्याला पाठ आहे," तो म्हणाला. "तू चहा घे."

मी हसले. चहा घेतला.

पहिलं व्याख्यान उत्तराताईंचं होतं, वारली चित्रांवर. त्या छान रंगल्या होत्या. इतक्यात हेडफोनमध्ये त्यांचाच आवाज आला.

"पाणी द्या जरा कुणीतरी."

मी वर पाहिलं. उत्तराताई वारली लग्नात भिंतीवर काढतात त्या चौकाबद्दल बोलत होत्या. खणखणीत.

मग त्यांना ठसका लागला...

"पाणी द्या जरा कुणीतरी," त्या म्हणाल्या.

शब्द तेच, चढउतारही तोच. फरक एकच होता. माणूस बोलताना मधे श्वास घेतो. माइकवर तो स्पष्ट ऐकू येतो.

हेडफोनमधल्या आवाजात श्वास नव्हता.

जेवणाच्या सुट्टीत सभागृह रिकामं झालं. खालून ताटांचा आवाज येत होता. मी सगळे माइक बंद केले. वायरी काढून ठेवल्या. मिक्सर फक्त चालू ठेवला आणि हेडफोन लावले.

काहीच नाही.

मग... खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. एक नाही, खूप. भरलेलं सभागृह एकदम उठून उभं राहतं तसा.

मग शांतता.

समोर सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या. एकही जागची हलली नव्हती.

मी हेडफोन काढले आणि खाली गेले. सुधीरच्या शेजारी बसले. तो जिलेबी खात होता.

"काय गं, भूत बघितल्यासारखी आलीस?"

"खा तू," मी म्हणाले.

दुपारी त्याचंच व्याख्यान होतं. वागळे इस्टेटमध्ये त्याची नोकरी झाली. तिथल्या जुन्या कारखान्यांची करवतीच्या दातांसारखी छपरं आणि त्यांतून आत येणारा उजेड, हा विषय. मी श्वास रोखून ऐकत होते. पण त्याच्या वेळी आधी काहीच आलं नाही. तो बोलला तेव्हाच ऐकू आलं. मला इतकं हायसं वाटलं.

आता वाटतं, हेडफोनमध्ये जे काही होतं ते त्याच्या वेळी नुसतं ऐकत असावं.

संध्याकाळी हेमांगी माइकसमोर उभी राहिली.

"आपण सगळे उभे राहूया."

खुर्च्या सरकल्या. मग शांतता. दुपारी ऐकली होती तीच.

हेडफोनमध्ये आवाज आला, "महिपतराव घाग."

"महिपतराव घाग," हेमांगी म्हणाली.

"कलावतीबाई वैती."

"कलावतीबाई वैती," ती म्हणाली.

यंदा दोघंच गेली होती. मला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं.

हेमांगीने मान खाली घातली...

आणि हेडफोनमध्ये, तिच्याच आवाजात, अगदी शांतपणे आलं:

"सुधीर खांबेटे."

सुधीर पहिल्या रांगेत उभा होता. हात जोडून. मला त्याची पाठ दिसत होती.

हेमांगीने मान वर केली. तिचे ओठ उघडले.

मी मिक्सरवरची तिच्या माइकच्या आवाजाची पट्टी पार खाली ओढली.

तिचे ओठ हलले. सभागृहात काहीच ऐकू आलं नाही. हेडफोनमध्येही नाही.

लोक थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग बसले.

"माइक गेला का गं शेवटी?" चहाच्या वेळी हेमांगीने विचारलं.

"हो. लूज होता. काय म्हणालीस तू?"

"तेच तर. दोन नावं घेतली. मग वाटलं, अजून एक आहे. अगदी ओठांवर आलं होतं. माइक बंद पडला आणि गेलं डोक्यातून." ती कपाळ चोळत होती. "कोण गं राहिलं?"

"कुणी नाही."

"नाही गं, आहे कुणीतरी."

सुधीरला विचारलं. तो तिच्यापासून हातभर अंतरावर होता. म्हणाला, "तिने तोंड उघडलेलं दिसलं. आवाज नाही आला."

त्याला मी बाकी काही सांगितलेलं नाही. त्याच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या. डॉक्टर म्हणाले, उत्तम. तो रोज बाळकुमला खाडीच्या बाजूला फिरायला जातो. परत येईपर्यंत मी बाल्कनीत उभी असते.

हेमांगी अधूनमधून फोन करते. इकडचं तिकडचं बोलते आणि मग हमखास विचारते, "कोण होतं गं ते?"

मी विषय बदलते.

आता पुन्हा जानेवारी आलाय. पुढच्या रविवारी कार्यक्रम आहे. मी सुधीरला म्हणाले, यंदा नको जाऊया. त्याने ऐकलं नाही. पंचवीस वर्षांत त्याने एकही चुकवलेला नाही.

काल हेमांगीचा फोन आला.

"नीला, खूशखबर. यंदा साउंड बाहेरच्या माणसाला दिलाय. माइक आता बंद पडायचा नाही. तू आरामात सुधीरच्या शेजारी बस."

"मी करते ना हेमांगी. मला आवडतं."

"पुरे झालं आता. ठरलंय ते." मग ती म्हणाली, "आणि ते नाव... मी आठवायचं सोडून दिलंय. माइकसमोर उभी राहिले ना, की येतं बघ आपोआप."