उंटाचे मागचे पाय

माझी आणि जस्टिनची पहिली भेट उंटात झाली.

उंट आमच्या चर्चचा. दरवर्षी नाताळच्या नाटकात पूर्वेकडचे तीन ज्ञानी त्याला घेऊन येतात. दोन जुन्या चादरी, पेंडीची चार पोती आणि मान म्हणून ठिबकचा जाड पाईप. श्रीगोंद्यात एवढ्या सामानात एवढाच उंट होतो. पुढचे पाय गेली चार वर्षं मी. मागचे पाय यंदा लग्न होऊन शिरूरला गेले, म्हणून पाळकसाहेबांनी नवे शोधले.

मी आत वाकून उभी होते. मागून चादर उचलली गेली, आणि आवाज आला—

"एक विचारू? या उंटाचा भूतकाळ काय आहे?"

"पेंड," मी म्हणाले.

तो हसला... चादरीखाली हसू दिसत नाही, पण मानेवर जाणवतं.

जस्टिन पुण्यात तीन वर्षं अभिनय शिकून आला होता. अगदी शास्त्रशुद्ध. पाळकसाहेब म्हणाले, पोरगा शिकलेला आहे, मागचे पाय तरी नीट टाकील. मागच्यानं पुढच्याच्या कमरेची ओढणी धरायची, हा उंटाचा एकमेव नियम. त्या ओढणीच्या दोन टोकांना आम्ही पंधरा दिवस भांडलो.

"शिकलेल्या नटांत सगळ्यात थोर आमचे सर," तो मागून सांगायचा. "हवं तेव्हा रडायचे. तेही एकाच डोळ्यानं. डाव्या. उजवा प्रेक्षकांवर."

"आणि दोन नंबर?"

"आमच्या वर्गातली एक मुलगी. तिनं बंद दाराची भूमिका केली होती. तिन्ही प्रयोगांना कुणीतरी कडी वाजवायला उठलं."

"तीन नंबर?"

"आता मीच कसं सांगू..."

"चुकीची यादी आहे," मी म्हणाले. "पहिला नंबर आमच्या पप्पांचा."

माझे पप्पा, आसाराम साळवे, काष्टीच्या बाजारात बैलांचे दलाल. तिथे सौदा तोंडानं होत नाही. हातांवर उपरणं टाकायचं, आणि त्याखाली बोटांनी बोलायचं. चारचौघांत भाव फुटू नये म्हणून. वर चेहरा कोरा. खाली बोटं धरली की भाव, मूठ दाबली की पक्कं. पप्पा हे वयाच्या दहाव्या वर्षापासून आजोबांकडून शिकले.

"मग याला शास्त्रशुद्ध नाही तर काय म्हणायचं?" मी विचारलं.

मागून ओढणी जरा सैल झाली.

"मला तीन नंबरवरून चारवर जावं लागेल," तो म्हणाला.

चोवीस तारखेची तालीम संपली. बाहेर उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या, हवेत मळीचा वास होता. सव्वीसला जस्टिन एका नाटकमंडळीबरोबर सहा महिन्यांच्या दौऱ्यावर निघणार होता. चर्चच्या मागे तो माझ्यासमोर उभा राहिला. केसांत पोत्याचे सुतळीधागे.

"रेबेका... तू मला आवडतेस. फार."

त्याचा आवाज किंचित कापला. आणि एक थेंब ओघळला.

डाव्या डोळ्यातून.

मी टाळ्या वाजवल्या. "छान झालं. आता उजव्यालाही संधी दे."

"अगं, मी खरं बोलतोय!"

"हे तर त्याहून छान झालं."

ओढणीचं टोक माझ्या हातात देऊन तो निघून गेला. रात्री मला जेवण गेलं नाही. ज्याला सगळं खऱ्यासारखं करता येतं, त्याचं खरं ओळखायचं कसं?

"पप्पा, समोरचा खरं बोलतोय, हे कसं कळतं?"

पप्पांनी भाकरी मोडली. "तोंडाकडं बघायचंच न्हाई. हात धरायचा."

पंचवीसच्या संध्याकाळी उंट स्टेजवर निघाला. पुढे दोरी धरून आबासाहेब, म्हणजे सगळ्यात वयस्कर ज्ञानी. मागून ओढणी धरलेली होती, पण एक शब्द येत नव्हता. अर्ध्या वाटेत मी हात मागे केला.

मग त्यानं तो धरला—

त्याचा हात गार होता. घामेजलेला. आणि असा थरथरत होता, की आमचं वशिंड हलत होतं. इथे चादरीखाली प्रेक्षक नव्हते. चेहरा दिसत नव्हता. डावा डोळा काही कामाचा नव्हता.

मी त्याची बोटं मिटली, आणि मूठ दाबली.

उंटाचे पुढचे पाय गोठ्याकडे चालत राहिले. मागचे मटकन खाली बसले.

"ए, ऊठ की!" आबासाहेब दोरी ओढत कुजबुजले. "येशूबाळ ताटकळलंय!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत पप्पा बसले होते. त्यांची नजर आमच्या हलणाऱ्या चादरीवर होती, आणि चेहरा कोरा.

नाटक संपल्यावर जस्टिन त्यांच्यापुढे आला. "सलाम, काका."

पप्पांनी त्याला पायांपासून वर असं पाहिलं, जसं ते शनिवारी काष्टीला पाहतात. मग खांद्यावरचं उपरणं काढून त्याच्या हातावर टाकलं, आणि आत आपला हात घातला. पप्पांच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं.

"मागचे पाय कच्चे हायेत," ते शेवटी मला म्हणाले. "पर हात खरा हाय." मग त्याच्याकडे वळून, "दौऱ्यावरून कधी येनार?"

"जूनमध्ये, काका."

"मग जूनमधी घरी या. च्याला."

उपरण्याखाली काहीतरी दाबलं गेलं. मी जस्टिनकडे पाहिलं. तो रडत होता... अगदी वाईट, नाक लाल करून, कुणी शिकवलं नसेल असं.

दोन्ही डोळ्यांनी.