राखेच्या बेटावरची बाटली

"माझ्या बहिणीनं माझ्या वाइनमध्ये व्हिनेगर ओतलंय," खुर्चीत टेकायच्या आधीच मालकीणबाई म्हणाल्या. "ओतलं असेल तर पुरावा द्या. नसेल तर लवकर सांगा, दुपारच्या बसनं ती कायमची निघालीय."

दाजींनी चहाचा कप बाजूला सरकवला. दाजी हे काही त्यांचं नाव नव्हे. त्यांचा मेहुणा त्यांना तशी हाक मारायचा, म्हणून अशिलंही मारू लागली. खाजगी तपास हा दाजींचा धंदा, आणि मेहुणा हा त्यांचा मदतनीस, म्हणजे बायकोनं गळ्यात बांधलेला. आत्ता तो कोपऱ्यात बसून दुखऱ्या गुडघ्याला बाम चोळत होता.

"तिला तसं तोंडावर म्हणालात?"

"चारचौघांत." बाईंची मान खाली गेली. "रात्रभर डोळ्याला डोळा नाही लागला."

बाईंचं वाइनचं दुकान होतं. महिन्यातून एका संध्याकाळी मागच्या खोलीत ओळखीची गिऱ्हाइकं जमायची आणि आजवर कुणी न चाखलेल्या मुलखाची वाइन चाखायची. कधी डोंगरउतारावरची, कधी समुद्राकाठची. नेहमीच्या दोन चवींतून लोकांची जीभ बाहेर काढायची, हा बाईंचा हट्ट. धाकट्या बहिणीला तो मुळीच पटत नसे. 'एक दिवस सगळ्यांसमोर तोंडघशी पडशील,' असं ती म्हणालीही होती.

"कालची वाइन ज्वालामुखीच्या राखेत वाढलेल्या द्राक्षांची होती. लांबच्या बेटावरची. एकच बाटली मिळाली. आख्खा उन्हाळा मी ती दुकानाच्या दर्शनी काचेत उभी ठेवली होती, लोकांना दिसावी म्हणून. एरवी बाटल्या मामाच ठेवतात, पण ते तेव्हा तापानं पडले होते."

"मामा म्हणजे?"

"सख्खे. आईच्या माघारी त्यांनीच आम्हाला वाढवलं, हा धंदा शिकवला. बाटली तेच उघडतात. घोटसुद्धा घेत नाहीत, नुसती हुंगतात आणि चांगली-वाईट सांगतात. काल हुंगून 'झकास' म्हणाले, कापडात गुंडाळून टेबलावर ठेवली. नंतर खोलीत गेले ते फक्त धाकटी आणि माझा दीर. आणि पाहुण्यांनी पहिला घोट थुंकला हो! शुद्ध व्हिनेगर!"

*

मागच्या खोलीत लांब टेबल, त्यावर पालथे ग्लास आणि दारावर पाटी: 'अत्तर लावून आत येऊ नये.'

बाईंनी मेहुण्याकडे बघून नाक मुरडलं. "बाम भलताच उग्र आहे तुमचा. मागे मामांनी एका नवरदेवाला अत्तरापायी दारातून परत पाठवलं होतं. तुमची काही खैर नाही."

मेहुणा ओशाळला. गुडघा तर कुठं काढून ठेवता येत नव्हता.

पहिला आला दीर. "आधी ती खिडकी उघडा, डोकं उठलं माझं," म्हणत बसला. ही जागा त्याला स्वतःच्या दुकानासाठी हवी होती आणि ते तो लपवतही नव्हता. "पण मी नुसत्या खुर्च्या मांडल्या. धाकटी ग्लास पुसत होती. आम्ही एकदमच आत गेलो, एकदमच बाहेर आलो. बाटलीला ना तिनं हात लावला, ना मी."

"तुमचं जमतं का हो तिच्याशी?"

"छे! छत्तीसचा आकडा."

धाकटी वरच्या खोलीत कपडे भरत होती. मेहुणा दारात येताच शिंकली. "बामाची आख्खी बाटली ओतून आलात का?" मग दाजींकडे वळली. "दिरानं काही केलं नाही. माणूस मतलबी आहे, पण मी डोळ्यांनी पाहिलंय. मीही काही केलं नाही. ताईला हे एकदा सांगितलं. पुन्हापुन्हा कशाला सांगू?"

तिनं बॅगेची चेन खसकन ओढली.

मामा टेबलाशी बसले होते. एका रात्रीत खंगल्यासारखे दिसत होते. त्यांनी मेहुण्याला अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसवलं आणि त्याच्या ग्लासात वाइन ओतली.

"गोडच पिता ना? ही डोंगरातली घ्या. पिकल्या अंजिराचा वास येतो बघा. सवयीचं तेच पीत राहिलं की जीभ आळशी होते."

मेहुण्यानं घोट घेतला. आधी तोंड वाकडं केलं, मग न सांगता दुसरा घेतला. "अरेच्चा, बरी आहे की!"

"कालच्या बाटलीचं बूच आहे का?" दाजींनी विचारलं.

प्रत्येक नव्या मुलखाचं बूच मामा एका काचेच्या बरणीत ठेवत. त्यांनी सगळ्यात वरचं काढून दिलं. बूच कोरडं ठाक होतं, बोट लागताच भुगा पडला. एका बाजूनं खालपासून वरपर्यंत तांबूस डाग चढला होता.

"ताईंना बोलवा," दाजी म्हणाले. "धाकटीलाही."

*

धाकटी बॅग घेऊनच आली आणि दारात उभी राहिली. दीर खिडकीशी.

"हे दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत," दाजींनी सुरुवात केली. "तरी दोघंही एकमेकांची साक्ष देतात. शत्रूला कुणी फुकटात वाचवत नाही. म्हणजे बाटलीला खरंच कुणी हात लावला नाही."

"मग व्हिनेगर आलं कुठून?" बाई म्हणाल्या.

"बाटलीतच झालं. हे बूच बघा. बाटली आडवी असली तर बूच ओलं राहतं. उभी राहिली, त्यात उन्हात, की ते सुकतं, आकसतं. तापलेली वाइन फुगून कडेनं वर झिरपते आणि हवा आत जाते. हा डाग वरपर्यंत चढलाय. बूच काढल्यावर व्हिनेगर ओतलं असतं, तर त्यावर असा डाग कसा पडेल?"

बाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच... पण मामांनी तर हुंगून पाहिली होती!"

"त्याचं उत्तर मेहुण्याच्या गुडघ्यात आहे."

मेहुणा दचकून गुडघ्याकडे बघू लागला.

"सकाळपासून जो भेटला तो त्या बामावर बोलला. तुम्ही नाक मुरडलं, दिरानं खिडकी उघडायला लावली, धाकटी शिंकली. अत्तरापायी नवरदेवाला हाकलणाऱ्या माणसानं मात्र याला मांडीला मांडी लावून बसवलं आणि वाइनचा वास घ्यायला सांगितलं." दाजींचा आवाज खाली आला. "मामा, त्या तापात गेलं ना नाक?"

मामांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"परत येईल, परत येईल म्हणत राहिलो," ते म्हणाले. "येत नाही. नाक नाही तर इथं माझं काम काय, असं वाटायचं. म्हणून वाट्टेल ते ठोकून द्यायचो, आणि रोज निभावून जायचं. काल पाहुणे थुंकले तेव्हाच कळलं मला. ही पोरीवर तुटून पडली, आणि मी शेजारी उभा होतो. एक शब्द नाही फुटला तोंडातून. या हातांनी वाढवलेली पोर. मला क्षमा नाही."

धाकटी त्यांच्याजवळ गेली. खांद्यावर हात ठेवला. "घाबरला होतात तुम्ही, मामा. उद्या डॉक्टरांना दाखवा."

"चुकले गं," मोठी रडत म्हणाली. "आता बॅग ठेव. कळलं ना सगळं?"

"तुला कळलं," धाकटी म्हणाली. "मला कालच माहीत होतं. मी नाही म्हणाले, तेवढं तुला पुरलं नाही. साऱ्या दुनियेची चव घेतेस, ताई. मला मात्र ओळखलं नाहीस."

तिनं बॅग उचलली आणि पायऱ्या उतरली. कुणी अडवलं नाही.

मग पायात चपला न घालता, दुकान उघडं टाकून, मोठी बस-स्टँडच्या दिशेनं धावत सुटली.

"दाजी, थांबेल का हो ती?" मेहुण्यानं विचारलं.

"ते मला सांगता येणार नाही," दाजी म्हणाले, आणि मामांसाठी पाणी आणायला उठले.