बाजूच्या खाटेवरची बाई

हे खरं आहे.

वाक्य साधं आहे. पण कल्पितासमोर कोणी ते सहज उच्चारलं, तर तिचा हात थांबतो. मग हातात चहाचा कप असो नाहीतर पेन. ती आधी खोलीतल्या प्रत्येकाचा चेहरा बघून घेते.

का, ते पुढे कळेल.

जागा कांदिवली पश्चिमेची. एका नर्सिंग कॉलेजचा तिसरा मजला. रात्र नव्हती, अमावास्या नव्हती. मागच्या ऑक्टोबरमधली, अंगाला कपडे चिकटवणारी भर दुपार होती. खाली शाळेच्या बस हॉर्न वाजवत उभ्या होत्या. भुताखेताला साजेसं तिथे काहीच नव्हतं.

म्हणूनच तर ती विसरू शकत नाही.

कल्पिता तिथली सिम्युलेशन लॅब सांभाळते. लॅब म्हणजे खोटा वॉर्ड. दोन खाटा, सलाइनचे स्टँड, मॉनिटर. खऱ्या माणसावर चुका होऊ नयेत म्हणून मुलींनी इथे आधी चुका करून घ्यायच्या. एका खाटेवर पुतळा. त्याची छाती वरखाली होते, नाडी लागते, पापण्या मिटतात. मान मात्र वळत नाही. तशी सोयच नाही त्यात.

दुसऱ्या खाटेवर कधीकधी जिवंत माणूस झोपतो. पेशंटचं सोंग घेणारा.

भिंतीत एक मोठी काच आहे. वॉर्डातून बघितलं तर आरसा. पलीकडून बघितलं तर खिडकी. त्या पलीकडच्या खोलीत कल्पिता आणि तंत्रज्ञ दिपेश बसतात. पुतळ्याची नाडी तिथूनच चढवायची, तिथूनच उतरवायची. पुतळ्याचं बोलणंही तिथूनच.

बीट आणि कॉर्नफ्लोअरचं रक्त कसं करायचं, ग्लिसरीन-पाण्याचा फवारा मारून घाम कसा आणायचा, हे सगळं कल्पिताने खटपट करून शिकून घेतलं होतं. एकच गोष्ट जमत नव्हती. पुतळ्यासोबत आलेले आवाज इंग्रजी होते. तो इंग्रजीत कण्हायला लागला की मुली हसायच्या.

मग तिला मथुराबाई सापडल्या.

मढच्या कोळीणबाई. कॉलेजच्या गल्लीत मासळीची पाटी घेऊन बसायच्या. कल्पिताने भीतभीतच विचारलं, "मावशी, आजारी असल्याचं सोंग कराल का? मुलींना शिकवायला."

"मरायचा सोंग ना? त्यात काय गो! गिऱ्हाईक भाव पाडतान तवा रोजच करतंय मी."

आणि केलंही. असं केलं की पहिल्याच दिवशी एका मुलीला रडू फुटलं. कल्पिताने मग त्यांचा आवाज रेकॉर्ड करून पुतळ्यात भरला. खोकला. कण्हणं. "मना पानी दे गो." "छातीन दुखतंय." तेव्हापासून मुली हसायच्या बंद झाल्या.

लॅबमध्ये एक नियम मात्र कडक होता.

सगळं खोटं चाललेलं असताना एखाद्याला खरंच काही झालं तर? कोणी चक्कर येऊन पडलं, कोणाचा हात कापला तर? बाकीच्यांना ते सोंगच वाटणार. म्हणून एक वाक्य राखून ठेवलेलं. 'हे खरं आहे.' कोणीही उच्चारावं. ते कानावर पडलं की सगळं जागच्या जागी थांबवायचं आणि खोलीतलं प्रत्येक माणूस तपासायचं. कोण बोललं, कशाला बोललं, हे नंतर.

आणि ते वाक्य मशीनमध्ये कधीच भरायचं नाही.

मथुराबाईंना ते नीट म्हणताच यायचं नाही. त्या म्हणायच्या, "ह्या खरा हाय." मुली खुदकन हसायच्या.

"चालेल मावशी," कल्पिता म्हणायची. "कळलं म्हणजे झालं."

शिमगा झाला आणि मथुराबाई गेल्या. हार्ट अटॅक, घरीच... एवढंच कल्पिताच्या कानावर आलं. तिने मनातल्या मनात हात जोडले. त्यांचे आवाज पुतळ्यात तसेच राहिले.

मथुराबाईंच्या जागी आले धोंडूकाका. मूळचे कणकवलीकडचे. गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकी केली, आता पोराकडे चारकोपला. भजनात खडा आवाज. आले की पहिला प्रश्न ठरलेला.

"आज मराचा काय जगाचा, ता आधी सांग गो बाय."

ऑक्टोबरच्या त्या दुपारी कल्पिता म्हणाली, "आज नुसतं ओरडायचं काका. पित्ताचा त्रास आहे तुम्हाला. सारखं सिस्टरला बोलवायचं, कटकट करायची. बाजूच्या खाटेवरची बाई गप्प आहे, पण तिची शुगर उतरत चाललीय. मुलींनी तुमच्या आरड्याओरड्याला न भुलता तिच्याकडे जायचं. हाच आजचा धडा."

"म्हंजे माका कोणी विचारूचा नाय?"

"बरोबर."

"घरात तसाच असता. सवय आसा."

दिपेश पोट धरून हसला.

धडा सुरू झाला. आत मानसी नावाची शेवटच्या वर्षाची मुलगी आणि तिच्या दोन मैत्रिणी. काकांनी दणक्यात सुरुवात केली. "सिस्टर! ओ सिस्टर! मेलो मी!" मानसी त्यांच्याकडे बघून, "काका, आले हं एक मिनिटात," म्हणाली आणि थेट पुतळ्याकडे गेली. अगदी शिकवल्याप्रमाणे.

काचेपलीकडे कल्पिता खूश झाली.

काका ओरडत राहिले. मग कण्हायला लागले.

मग...

त्यांचा आवाज बंद झाला.

काका उशीवर मागे रेलले होते. एक मूठ छातीवर. कपाळ घामाने चमकत होतं.

"काका आज कमाल करतायत," दिपेश कुजबुजला.

"जरा जास्तच करतायत. पित्त सांगितलं होतं मी." कल्पिता काचेजवळ सरकली. "ग्लिसरीन किती मारलंस रे?"

"मी? मला वाटलं तू मारलंस."

ती काही बोलणार, एवढ्यात...

"ह्या खरा हाय."

बाईचा आवाज. हळू. स्पष्ट.

आत मानसीचा हात हवेतच थांबला. तिच्या दोन्ही मैत्रिणी थांबल्या. तिघींनी पुतळ्याकडे बघितलं. मग मानसी गर्रकन वळली.

"मॅडम! काका! काका खरंच..."

कल्पिता धावत आत गेली. काकांचा हात गार पडला होता. ओठ काळसर. लॅबमधल्या औषधांच्या बाटल्यांत नुसतं पाणी असतं. पण एक लाल पेटी खऱ्या औषधांची असते, कुलूप न लावलेली. मानसीने ती आणली. अ‍ॅस्पिरिन चावायला दिली. दिपेशने फोन फिरवला. मुलींनी खाटेचं डोकं उचललं, शर्टाची बटणं सोडली.

पुढच्याच रस्त्यावर हॉस्पिटल होतं. मोठी रक्तवाहिनी जवळजवळ बंद झालेली. स्टेंट घातला. थोडा उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले.

काका वाचले.

संध्याकाळी लॅबमध्ये परतल्यावर कल्पिताने दिपेशला विचारलं, "मथुरामावशींचा तो आवाज तू लावलास?"

"कल्पिता, मी हात पण लावला नाही. माईक बंद होता. आणि ते वाक्य मशीनमध्ये आहे कुठे?"

खरंच नव्हतं. खोकला होता. पानी होतं. छातीन दुखतंय होतं. ते नव्हतं.

प्रत्येक धड्याचं चित्रीकरण होतं. दोघांनी ते लावलं. काकांचं ओरडणं, मानसीचं "आले हं", पंख्याची घरघर, मॉनिटरची टिकटिक. सगळं ऐकू येत होतं.

मग ती जागा आली.

आवाज गेला. पंख्याचा गेला. मॉनिटरचाही गेला. पडद्यावर तीन मुली एकाच वेळी थांबल्या आणि पुतळ्याकडे बघायला लागल्या. जसं काही कोणी त्यांना हाक मारली होती...

आणि मग पुन्हा पंख्याची घरघर.

"वायर लूज असेल," दिपेश म्हणाला. पण त्याने ते परत लावलं नाही.

दोन-तीन दिवसांनी काका वॉर्डात उठून बसले. कल्पिता भेटायला गेली.

"काका, बोललात ते बरं केलंत," तिने मुद्दामच म्हटलं.

"मी खय बोललंय? माजा तोंडच उघडना होता. त्या बाजूच्या बायन सांगितल्यान."

"बाजूला पुतळा होता काका."

"पुतळो? गो, ती मान वळवून माज्याकडे बघी होती."

कल्पिता विज्ञान शिकलेली. न समजणारी गोष्ट दिसली की तिच्या मुळाशी जायचं, हीच तिची सवय. रविवारी तिने मालाडहून मढची बस पकडली. कोळीवाड्यात मथुराबाईंचं घर लगेच सापडलं. त्यांची सून चेतना ओट्यावर सुकी बोंबील निवडत होती.

"तुमी त्या कॉलेजवाल्या मॅडम ना?" तिने पाट पुढे केला. "सासू लय नाव काढायची तुमचा."

थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. मग कल्पिताने विचारलं, "त्या गेल्या तेव्हा... नेमकं काय झालं होतं?"

चेतनाचे हात थांबले.

"तुमच्याकडं जायला लागली तवापासून घरान रोज तालीम करायची ना ती. आज छातीन दुखतंय, उद्या पोटान दुखतंय. पडायची, डोळे फिरवायची. पोरा टाळ्या वाजवायची. आमी पन हसायचो." तिने पदराने हात पुसले. "त्या दिशी पन पडली. पोरा हसली. मी चुलीपाशी व्हते. मी म्हटला, आये, पुरे आता, जेवाला वाढतंय."

चेतनाने बोंबील बाजूला सारले.

"ती सारकी एकच सांगत व्हती मॅडम. ह्या खरा हाय... ह्या खरा हाय..."

समोर खाडीवर एक होडी लागत होती. कोणीतरी दोर फेकला.

"आमाला वाटला, ता पन नाटकातलाच."

घरच्यांना तो नियम कोणी सांगितलाच नव्हता. तो फक्त लॅबमध्ये होता.

कल्पिता परत आली ती ठरवूनच. मावशींचे आवाज मशीनमधून काढून टाकायचे. त्यांना मोकळं करायचं. दुसऱ्या दिवशी मुली जेवायला गेल्यावर ती एकटीच लॅबमध्ये गेली. एकेक आवाज पुसला. खोकला. कण्हणं. पानी. शेवटी मशीनचं बटण बंद केलं, प्लगही काढला. पुतळ्याची छाती खाली गेली ती खालीच राहिली. पापण्या मिटल्या.

तिने चादर पुतळ्याच्या गळ्यापर्यंत ओढली.

"मावशी, चुकलं आमचं," ती हळूच म्हणाली. "आता झोपा."

वळून ती दारापर्यंत आली.

"ह्या खरा हाय."

कल्पिता जागच्या जागी थांबली.

मग तिने तेच केलं जे ती मुलींना शिकवते. कोण बोललं, हे नंतर. आधी माणसं. ती बाहेर धावली. व्हरांड्यात कोणी नव्हतं. जिन्यात कोणी नव्हतं. खाली दिपेश डबा खात बसला होता, ठणठणीत. मानसी मैत्रिणींबरोबर खिदळत होती. तिने घरी फोन लावला. आई म्हणाली, "मी बरी आहे गं. तुझा आवाज असा का येतोय?"

काकांना लावला. काका भजन ऐकत होते.

सगळे बरे होते.

ती परत वर आली. लॅबचं दार उघडंच होतं. चादर होती तिथेच होती. पण पुतळ्याचा चेहरा...

आता दाराकडे होता.

आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं. तिने सगळ्यांना तपासलं होतं. पण ते वाक्य उच्चारलं गेलं तेव्हा खोलीत माणूस एकच होतं. समोरच्या मोठ्या आरशात ते दाराशी उभं होतं, एक हात चौकटीवर ठेवून.

त्याच आठवड्यात तिने सगळ्या तपासण्या करून घेतल्या. ईसीजी, इको, रक्त. ट्रेडमिलवरही चालून झालं. सगळं नॉर्मल. डॉक्टर हसून म्हणाले, "मॅडम, कामाचा ताण घेताय. बाकी काही नाही."

तिने मान हलवली. धोंडूकाकांचा ईसीजी मुलींनी सरावासाठी काढला होता, त्या दुपारच्या आदल्याच आठवड्यात. तोही नॉर्मलच होता.

कल्पिता अजून त्याच लॅबमध्ये शिकवते. आता सोंग घेणाऱ्या प्रत्येकाच्या घरी ती स्वतः जाते आणि तो नियम घरातल्या लहान पोरांनाही समजावून येते. पुतळ्याची मान दिपेशने जोर लावून सरळ केली. ती तशीच आहे... अजून तरी.

शिकवताना तिची उजव्या हाताची बोटं कायम डाव्या मनगटावर असतात. मुलींना वाटतं, मॅडम सारखं घड्याळ बघतात.

ती घड्याळ घालत नाही.