ओढ की ॲव्हरेज?

भरदुपारी धुक्यातून एक ट्रक उलटा, मागे मागे उतरत आमच्या घाटातल्या गॅरेजच्या दारात येऊन थांबला. ड्रायव्हर खाली उतरला. चेहरा पांढराफटक, पण डोळे... जाऊ दे, डोळ्यांचं नकोच!

"गाडी रिकामी आहे हो," तो म्हणाला, "पण वरच्या वळणावर एकदम जड होते. मागे कुणीतरी चढतं."

"भूत?" मी हसले. "त्याचं असं वजन ते किती असणार?"

तो हसला नाही. बाबांनी त्याला बघताक्षणी 'लांब्या' नाव ठेवलं आणि त्याची गाडी माझ्या गळ्यात घातली. मी मागचा ॲक्सल उघडला. आत सपाट रस्त्याची गिअरजोडी होती.

"हिच्यामुळे इंजिन कमी फिरतं, डिझेल वाचतं. पण चढावर ओढ नाही. दुसरी जोडी घातली तर ओढेल, पण डिझेल ढोसेल. बोला, ओढ हवी की ॲव्हरेज?"

"ओढ तर..." तो पान्यांच्या डब्यात बघत म्हणाला, "इथे आल्यापासून लागलीय."

काय बाई हा माणूस! मी नको इतका जोर लावून नट आवळला.

काम संपेपर्यंत तो रोज येऊन बसला. मागितला तो पाना कधी दिला नाही. एकदा हळूच म्हणाला, "याही खेपेला गाडी चढली नाही, तर मालक मला कायमचा सपाटीच्या रस्त्याला लावणार." म्हणजे हा पुन्हा दिसणार नाही. मी आवळलेलाच नट पुन्हा आवळला.

ट्रायलला मी शेजारी बसले. वळण आलं. धुकं काचेला चिकटलं, केबिन गारठली, आणि मागच्या स्प्रिंगचे पाटे करकरले... कुणी पाय ठेवून वर चढावं तसे. अंगावर सर्रकन काटा आला. गाडी खचली. इंजिन गुरगुरलं, पण थांबलं नाही. नव्या जोडीने ते नकोसं वजन इंचाइंचाने माथ्यावर ओढलं.

त्याने ब्रेक दाबला.

"आता हाच रस्ता मिळेल. डिझेलवरून बोलणी खाईन, पण येत राहीन."

"कशाला? काम तर झालं."

"तुमच्यासाठी."

"तुझ्यासाठी म्हण," मी म्हणाले. माझाच आवाज मला ओळखू येईना. "मलाही तूच हवा आहेस."

त्याने माझा हात धरला. तेवढ्यात रिकाम्या हौद्यातून पत्र्यावर दोनदा थाप पडली. धप्... धप्. क्लीनर मारतो तशी, 'जाऊ दे पुढे' म्हणून.

क्लीनर आम्ही आणलाच नव्हता.

मागचे पाटे सावकाश वर उठले. गाडी हलकी झाली. लांब्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. आरशात कुणीच पाहिलं नाही.

"जाऊ दे ना पुढे," मी म्हणाले, आणि हात काही सोडला नाही.