डिझेल जातं कुठे?

काशिराम त्या संध्याकाळी घरून निघाला तो नुसतं एक कुलूप आणायला. माझा साडू तो. पनवेलला एका खाजगी हॉस्पिटलात इलेक्ट्रिशियन होता. तुम्ही पोरं तेव्हा चड्डीत असाल. दोन हजार सात साल, दिव्यांची अवस.

झालं होतं असं, की तिथल्या जनरेटरचं डिझेल रातोरात कमी व्हायचं. लाईट गेलेली नसताना. डॉक्टरांनी काशिरामला बजावलं, हे थांबलं नाही तर उद्यापासून येऊ नकोस. काशिरामचा संशय जगनवर. जगन म्हणजे रात्रीचा वॉचमन, तळोज्याकडचा.

काशिरामने जनरेटरच्या बॅटरीची वायर काढली, खोलीला नवं कुलूप घातलं, चावी खिशात टाकली आणि जगनच्या शेजारीच खुर्ची मांडली. त्याला नजरेआड होऊ द्यायचं नाही म्हणून. त्याने दिलेला चहासुद्धा घेतला नाही.

जगनला ते कळलं.

"मी डिझेलला हात लावला नाय, भाऊ," तो म्हणाला. "पन तुला सांगून तू ऐकनार हाय का?"

मग त्याने सांगितलं. काशिराम कामाला लागायच्या आधी करंज्याची एक कोळीण, ठमाबाई, वरच्या खोलीत श्वासाच्या मशीनवर होती. लोडशेडिंगमध्ये लाईट गेली. जनरेटरची टाकी कोरडी. डिझेल कुणीतरी परस्पर विकलेलं. पंपावरून कॅन येईपर्यंत बाई गेली. तेव्हापासून ती खोली बंद. विकणारा कोण, ते कधी कळलं नाही.

काशिरामला वाटलं, चोर गोष्ट रचतोय.

बारा वाजून गेले. रस्त्यावरचे दिवे चालू होते. वॉर्डातले पंखेही.

आणि जनरेटर सुरू झाला.

कुलूप तसंच. चावी खिशात. जगन शेजारी.

काशिरामने दार उघडलं. आत कोणी नाही. बॅटरीची वायर सुटलेलीच... आणि इंजिन धडधडतंय. त्याने बंद करायचा दांडा ओढला.

शांत.

मग वरून आवाज आला. कुणीतरी श्वास ओढत होतं... घशातून. पुन्हा. मग जरा थांबून... पुन्हा.

मग नाही.

"सुरू कर," जगन म्हणाला.

काशिराम वायर जोडायला लागला. वायर बसेना. बसली. त्याने जनरेटरची चावी फिरवली. इंजिन लागलं. वर... बराच वेळ काही नाही... मग एक श्वास. मग दुसरा.

उजाडेपर्यंत दोघांनी जनरेटर बंद होऊ दिला नाही. टाकीतलं डिझेल संपत आलं तेव्हा काशिरामने स्वतः कॅन ओतला. सकाळी जगनने चहा पुढे केला. काशिरामने तो घेतला. त्याच्याकडे बघणं मात्र त्याला जमलं नाही.

डॉक्टर आल्यावर वरची खोली उघडली. मशीन तिथून केव्हाच हलवलेलं. फरशीवर धुळीचा थर, त्यात एकही पाऊल नाही. उघड्या खाटेवर तेवढा एक जुना प्लास्टिकचा मास्क पडला होता, नळी तुटलेला.

काशिरामने तो उचलून खिडकीशी धरला.

आतून ओला होता... नुकती वाफ धरल्यासारखा.